माणसं शंभर, चित्र एक

मानसशास्त्रातला निष्कर्ष नेमका कोणाला लागू पडतो, हा वाद मूठभर पाश्चात्त्यांवरून साऱ्या माणसांबद्दल बोलण्यावर अलीकडे उठलेल्या गदारोळाहून बराच जुना आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्विन मॅकनिमार यांनी १९४६ मध्येच टोमणा मारला होता की, मानवी वर्तनाचं शास्त्र म्हणजे बव्हंशी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलांच्या वर्तनाचं शास्त्र. मुलं हाताशी असतात, क्रेडिटसाठी प्रयोगाला बसतात. सवय लागायला एवढं पुरतं.

त्याच दशकात मानसशास्त्रज्ञ एगॉन ब्रुन्सविक यांनी निराळा मुद्दा काढला. माणसं नमुना म्हणून निवडतो, तर प्रसंगही का निवडू नयेत? शंभर जणांना एकच चित्र दाखवलं, तर माणसं शंभर झाली. चित्र एकच राहिलं.

‘बाह्य वैधता’ हे नाव मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांच्या १९५७ च्या लेखातलं. फरक खरोखर प्रयोगातल्या बदलामुळेच पडला का, ही आंतरिक वैधता. तो आणखी कोणत्या लोकांत, परिस्थितींत आणि मोजमापांत दिसेल, ही बाह्य. त्यांनी दाखवलेली एक मेख आजही नजरेतून सुटते : प्रयोगाआधी चाचणी घेतली, तर माणूस त्या विषयाबाबत सावध होतो, आणि निष्कर्ष आधी चाचणी दिलेल्यांपुरताच उरतो.

हेच कॅम्पबेल पुढे म्युलर-लायर भ्रमाच्या मागे लागले. दोन सारख्याच रेषा. एकीच्या टोकांना बाणासारखी पाती, दुसरीच्या टोकांना उलटी फाकलेली. दुसरी लांब वाटते. डोळ्यांची ही फसगत माणसाला उपजतच असणार, असं वाटायचं. सीगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स यांनी ती अनेक समाजांत तपासून १९६६ मध्ये निष्कर्ष मांडले. अमेरिकी विद्यार्थ्यांना दोन्ही सारख्या वाटायला पहिली रेषा सुमारे एक पंचमांशाने वाढवावी लागली. आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटातल्या सान लोकांवर भ्रमाचा परिणाम जवळपास नव्हताच. काटकोनी घरांत वाढल्याने असं होतं, हे त्यांचं स्पष्टीकरण मात्र वादग्रस्तच राहिलं.

१९८३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डग्लस मूक यांनी उलट बाजू घेतली : सिद्धांत तपासायला केलेल्या प्रयोगाने जगाचं प्रतिनिधित्व करायची गरजच नसते. मला हे पटतं. पण ही सबब किती आळशी नमुन्यांना पुरली असेल!

२००८ मध्ये जेफ्री आर्नेट यांनी सहा प्रमुख अमेरिकी नियतकालिकं चाळली. ९६ टक्के सहभागी पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले, ६८ टक्के एकट्या अमेरिकेतले. दोन वर्षांनी हेन्रिक, हाइने आणि नोरेन्झायन यांनी पाश्चात्त्य, सुशिक्षित, औद्योगिक, श्रीमंत, लोकशाही समाजांसाठी ‘वीअर्ड’ (WEIRD) हे इंग्रजी आद्याक्षरी नाव रूढ केलं. इंग्रजीत त्याचा अर्थ विचित्र.

मग २०१८ मध्ये ‘मेनी लॅब्स २’ या अनेक प्रयोगशाळांच्या संयुक्त प्रकल्पाने मानसशास्त्रातले आधीचे २८ निष्कर्ष ३६ देश-प्रदेशांत पुन्हा तपासले. जेमतेम निम्मे टिकले. जे पडले ते बहुतेक सगळीकडेच पडले. नमुन्यागणिक फरक अपेक्षेहून कमी दिसला. अर्थात बरेचसे नमुने पुन्हा विद्यापीठांतलेच होते, आणि प्रत्येक निष्कर्षासाठी साहित्य मुद्दाम सगळीकडे एकच ठेवलं होतं.