लाकडी जहाज-प्रतिकृती (संचावरून बांधणी)

शिडाच्या जुन्या जहाजाची ठरावीक प्रमाणात लहान केलेली लाकडी प्रतिकृती तयार संचावरून घरी बांधण्याचा छंद. संचात लेझरने कापलेल्या प्लायच्या आकृत्या, पातळ लाकडी पट्ट्या, गोल काठ्या, निरनिराळ्या जाडीचे दोर, कप्प्या, तोफा व नांगर यांसारखे सुटे भाग आणि आराखडे असतात. प्लास्टिकच्या संचातील भागांप्रमाणे हे भाग एकमेकांत आपोआप बसत नाहीत. प्रत्येक भाग घासून, तासून, वाकवून जागेवर बसवावा लागतो. त्यामुळे या छंदाची खरी जातकुळी खेळण्यांच्या जोडणीपेक्षा सुतारकामाची आहे आणि तो हाती घेणाऱ्याने तशाच तयारीने घ्यावा हे उत्तम.

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आरमारी जहाजांच्या अत्यंत काटेकोर प्रतिकृती बनू लागल्या. त्या बहुधा १:४८ प्रमाणाच्या असत आणि आतील बरगड्या दिसाव्यात म्हणून सांगाड्याचा खालचा भाग फळ्यांविना उघडाच ठेवीत. आजचे संच मुख्यत्वे इटली, स्पेन, डेन्मार्क, इंग्लंड व अमेरिका येथील कंपन्या बनवतात. अमाती, मान्तुआ, कोरेल, ऑक्रे, आर्टेसानिया लातिना, बिलिंग बोट्स आणि मॉडेल शिपवेज ही नावे या क्षेत्रात सर्वपरिचित आहेत. साहजिकच संचांतील जहाजेही बहुतेक युरोप-अमेरिकेची आहेत : इंग्लंडचे व्हिक्टरी (जलावतरण १७६५), दर्यासंशोधक जेम्स कुकचे एन्डेव्हर, स्वीडनचे व्हासा (१६२८ मध्ये बुडालेले), चहाची वाहतूक करणारे कटी सार्क (१८६९).

या छंदाचा विचार येथे विशेषतः बडोद्यातील छांदिष्टाच्या दृष्टीने केला आहे. बडोदे (वडोदरा) हे समुद्रापासून आत वसलेले शहर असले, तरी लाकूडकाम आणि जहाजे या दोन्हींशी त्याचा जुना संबंध आहे. गायकवाडांचे आरमारी ठाणे दक्षिणेकडे बिलीमोरा बंदरात होते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये स्थापन केलेल्या कलाभवनात हस्तकौशल्याचे आणि यंत्रविद्येचे पद्धतशीर शिक्षण मिळू लागले आणि शहराच्या मराठी मध्यमवर्गातही त्याबद्दल आदर रुजला. शहरापासून जवळच असलेल्या संखेडा गावी खरादावर (लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर) सागवान कातून त्यावर लाखेचे रंगकाम करण्याची परंपरा आजही जिवंत आहे. शहराच्या दांडिया बाजार किंवा रावपुरा भागात राहणाऱ्या छांदिष्टाला म्हणूनच संच परदेशातून मागवावा लागला, तरी पटाशीला धार लावून देणारा, काठी कातून देणारा किंवा लाकडाची जात ओळखून सांगणारा कारागीर घरापासून फार लांब शोधावा लागत नाही. ही सोय मोठी आहे आणि तिचा उपयोग करून घेतला पाहिजे.

प्रमाण ठरवणे ही पहिली पायरी होय. १:४८, १:६४, १:७२ आणि १:९८ ही प्रमाणे नेहमी आढळतात. व्हिक्टरीच्या तोफखान्याच्या मजल्याची लांबी सुमारे ५७ मी. आहे, १:७२ प्रमाणात ती सुमारे ७९ सेंमी. होते, आणि पुढची तिरकी काठी धरली तर पूर्ण प्रतिकृती मीटरभराहून लांब भरते. त्याच प्रमाणात १७० सेंमी. उंचीचा खलाशी २४ मिमी.चाही नसतो. पहिल्याच वेळी १०४ तोफांचे व्हिक्टरी घेण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण एक किंवा दोन डोलकाठ्यांच्या छोट्या जहाजापासून सुरुवात करणेच शहाणपणाचे असते, कारण सांगाडा, फळ्या आणि दोर ही तिन्ही कामे त्यातही पूर्णपणे शिकायला मिळतात.

बहुतेक संच कणा आणि त्यावर आडवे बसणारे छेद (जहाज आडवे कापल्यास दिसणारे आकार) या पद्धतीचे असतात. प्लायच्या सपाट कण्याला खाचा असतात, त्यांत जहाजाच्या त्या त्या ठिकाणच्या छेदाच्या आकाराच्या आकृत्या बसवतात आणि या सांगाड्यावर पट्ट्या चिकटवून जहाजाचे अंग तयार करतात. कणा वाकडा असेल तर पुढचे सर्व वाकडे होते, म्हणून डिंक लावण्याआधी तो सरळ काचेवर ठेवून तपासावा. सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते सांगाडा घासण्याकडे. आकृत्यांच्या कडा लेझरने काटकोनात कापलेल्या असतात. परंतु नाळेशी (जहाजाच्या पुढच्या टोकाशी) आणि पिछाडीशी जहाजाचे अंग वळत असल्याने त्या कडांना उतार द्यावा लागतो. एक पट्टी किमान तीन-चार आकृत्यांवर आडवी धरून ती प्रत्येकीला पूर्ण रुंदीने टेकते की केवळ टोकाला, हे पाहत पाहत काचकागदाने घासत जावे. नाळेतील पहिल्या दोन-तीन आकृत्यांमधली पोकळी बाल्सा लाकडाच्या ठोकळ्यांनी भरून त्यांनाही तोच आकार दिल्यास पट्ट्यांना चांगला आधार मिळतो. हे काम पुढे कोणालाही दिसत नाही, परंतु प्रतिकृती डौलदार दिसेल की उंचवट्या-खळग्यांची, हे याच टप्प्यावर ठरून जाते.

पट्ट्यांचा थर बहुधा दुहेरी असतो : आत लिंडन किंवा बासवुडसारख्या मऊ लाकडाचा सुमारे १.५ मिमी. जाडीचा, आणि वर अक्रोड किंवा तत्सम लाकडाचा अर्ध्या मिमी.च्या आसपास जाडीचा. जहाज मध्यावर रुंद आणि टोकांशी निमुळते असल्याने सर्व पट्ट्या एकाच रुंदीच्या ठेवून चालत नाही. मधल्या छेदाच्या परिघावर किती पट्ट्या मावतात ते मोजून, नाळेशी तेवढ्याच पट्ट्या मावण्यासाठी प्रत्येकीची रुंदी किती कमी करायची हे कागदाच्या पट्टीवर मोजून घेतात. ५ मिमी.ची पट्टी टोकाशी निम्म्याहून अरुंद करू नये. तशी वेळ आलीच, तर दोन पट्ट्या आधीच संपवून त्यांच्या जागी एकच पुढे न्यावी. पिछाडीला याच्या उलट, जागा उरते तेथे पाचरीसारखा तुकडा बसवतात. पट्टी भिजवून किंवा गरम सोल्डरिंग आयर्नवर टेकवून तिच्या सपाट बाजूने सहज वाकते, पण कडेच्या दिशेने रेटून वाकवली की तिची एक कड वर उचलली जाते आणि शेजारच्या पट्टीवर पायरी पडते. नवशिक्यांच्या कामात नाळेजवळ दिसणाऱ्या अशा पायऱ्या बहुतेक वेळा हातांतील दोषाने नव्हे, तर रुंदीचे मोजमाप टाळल्यामुळे उद्भवतात. पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला आळीपाळीने लावाव्यात, एरवी सांगाड्याला पीळ पडतो. एन्डेव्हर मूळचे कोळसावाहू जहाज असल्याने त्याची नाळ बोथट आणि भरदार आहे. पट्ट्यांच्या कामाची कसोटी पाहणारे ते एक उत्तम उदाहरण होय.

तक्तपोशी (जहाजाच्या मजल्यावरील फळ्यांची जमीन), तोफांच्या खिडक्या, सुकाणू ही कामे तुलनेने सोपी आहेत. खऱ्या तक्तपोशीच्या फळ्या साधारण ६ ते ७ मी. लांब असत; १:६४ मध्ये त्यांचे तुकडे सुमारे ९.५ ते ११ सेंमी. होतात, आणि फटींतील डांबराच्या रेषेसाठी पट्टीच्या कडेवर शिसपेन्सिल फिरवली तरी पुरते. पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे लावावेत की नाही हे जहाजाच्या काळावर अवलंबून असते : इंग्लिश आरमारात ही पद्धत १७६० च्या दशकात प्रयोग म्हणून सुरू झाली व १७८० च्या दशकात सार्वत्रिक झाली. त्याआधीच्या जहाजावर चकाकते तांबे चढवणे चुकीचे ठरते, मग संचाच्या खोक्यावरचे चित्र काहीही असो.

डोलकाठ्या निमुळत्या करण्यासाठी गोल काठी ड्रिलमध्ये पकडून काचकागदाने घासतात. जुने जहाजबांधणारे मात्र चौकोनी लाकडाला आधी आठ, मग सोळा बाजू पाडून शेवटी गोलाई देत. याच रीतीने हातरंध्याने केलेली काठी अधिक सरळ राहते.

दोरकामाचे दोन वर्ग आहेत. डोलकाठ्यांना ताणून धरणारे स्थिर दोर डांबरलेले असल्यामुळे काळपट रंगाचे घ्यावेत. शिडे व आडव्या काठ्या हलवणारे चलित दोर फिकट भुऱ्या रंगाचे असावेत. खऱ्या व्हिक्टरीवर एकूण सुमारे ४२ किमी. दोर होता असे मानतात. १:७२ प्रमाणात तो ५८० मी.च्या आसपास जाईल, म्हणून संचांत तो पुष्कळ सुलभ केलेला असतो. डोलकाठीपासून जहाजाच्या कडेपर्यंत उतरणाऱ्या जाड दोरांवर खलाशांना चढण्यासाठी आडव्या दोऱ्यांच्या पायऱ्या बांधतात. १:६४ मध्ये त्यांतील अंतर ५ ते ६ मिमी. येते आणि आडवी दोरी जाड दोराला जेथे जेथे ओलांडते तेथे प्रत्येक ठिकाणी वेगळी गाठ मारावी लागते. गाठ आवळताना बाहेरचे दोर नकळत आत ओढले जातात आणि सगळी शिडी मध्यभागी बारीक होत जाते. यावर उपाय म्हणजे मागे रेषा आखलेला पांढरा कार्डपेपर लावणे, आधी दर पाचवी पायरी बांधणे, मग मधल्या भरणे, आणि गाठ केवळ टेकेल इतकीच आवळणे. दोरावर मेण फिरवल्यास त्याचे बारीक धागे बसतात.

बडोद्याच्या हवामानाचा विचार वेगळा करावा लागतो. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि हवा कोरडी असते. पावसाळ्यात तीच हवा दमट होते. पावसाळ्यात घट्ट बसवलेल्या पट्ट्या वैशाखात आक्रसून त्यांच्यात फटी पडतात. त्यामुळे पट्ट्या काही आठवडे खोलीत उघड्या ठेवून, पाऊस सरल्यावर हिवाळ्यात लावाव्यात. फेविकॉलसारखा पांढरा डिंक दमट हवेत सावकाश वाळतो, तर फेविक्विकसारखा झटपट डिंक ओलाव्याने उलट लवकर पकडतो. सुती दोर दमट हवेत आखडतात व कोरड्यात सैल पडतात. पॉलिएस्टरचे दोर त्या मानाने स्थिर राहतात. तयार प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवावी, कारण दोरांवर बसलेली धूळ काढणे जवळजवळ अशक्य असते.

संचातील लाकूड निकृष्ट निघाल्यास स्थानिक पर्याय शोधता येतात. सागवान खऱ्या जहाजबांधणीत श्रेष्ठ असले, तरी त्याचे रेशे प्रतिकृतीच्या प्रमाणात फार ठळक दिसतात. हेदू किंवा हळदू हे बारीक व एकसारख्या पोताचे पिवळसर लाकूड कातकामास आणि पट्ट्यांस अधिक योग्य आहे.

सागवानी जहाजबांधणीचा भारतीय वारसा मात्र संचांच्या बाजारात फारसा दिसत नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेले ट्रिंकोमाली हे लढाऊ जहाज (१८१७) आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. मराठ्यांच्या गुराबा आणि गलबते या लढाऊ जहाजांच्या प्रतिकृती करायच्या तर बहुधा आराखड्यापासून सुरुवात करावी लागते. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत, तिचे अंग मध्यावर रुंद आणि टोकांकडे निमुळते असे, पुढची लांब नाळ पाण्यावर झुकलेली असे व तेथून थेट पुढे मारा करणाऱ्या दोन तोफा बसवीत. अशा नाळेवर पट्ट्यांना एन्डेव्हरसारखे अचानक वळण द्यावे लागत नाही, पण त्या फार लांबवर हळूहळू निमुळत्या करत न्याव्या लागतात. त्यामुळे संचावर शिकलेले रुंदीचे मोजमाप येथे अधिक काळजीने, छेदागणिक, नव्याने करावे लागते.