रुग्णमाहितीची डिजिटल देवाणघेवाण (खानदेश)

रुग्णालयातील केसपेपर, तपासण्यांचे अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड रुग्णाच्या संमतीने गावातल्या डॉक्टरला संगणकावर पाहता यावेत व त्याच्याकडील नोंदी रुग्णालयाला मिळाव्यात, यासाठीची व्यवस्था. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत हे काम अजून बरेचसे प्लास्टिकच्या पिशवीतली फाइलच करते.

या व्यवस्थेचा देशपातळीवरचा पाया म्हणजे २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेले आयुष्मान भारत डिजिटल मिशन. त्यातील १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाचा आरोग्य-ओळख क्रमांक, ऐच्छिक असून आधारवरून काढता येतो. नोंदी एका ठिकाणी साठवल्या जात नाहीत, जिथे तयार झाल्या तिथेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरने मागितल्या की कोणते कागद, कोणत्या काळातले, कशासाठी आणि कधीपर्यंत पाहायचे, याची विनंती रुग्णाकडे येते. दिलेली संमती नंतर काढूनही घेता येते.

खरी निकड सातपुड्यात आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडील भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो आणि तिथली कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. अंग ठणकत असलेला असा रुग्ण बारडोलीच्या दवाखान्यात पोचला, तर इलेक्ट्रोफोरेसिस या सिकलसेल पक्का करणाऱ्या रक्ततपासणीचा अहवाल, त्यावरच्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा डोस आणि रक्त शेवटचे केव्हा चढवले एवढे कळले तरी उपचार लवकर मार्गी लागतात.

उलट दिशेच्या प्रवासाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. सिव्हिलमधून घरी आलेल्या माणसाला पुढे गावचाच डॉक्टर पाहतो. रुग्णाच्या रक्तातले क्रिएटिनिन वाढल्याचे, म्हणजे किडनी नीट काम करत नसल्याचे, त्याला कोणी कळवलेलेच नसेल, तर गुडघेदुखीवर तो डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन देतो आणि आधीच दुबळी झालेली किडनी आणखी बिघडते. रुग्ण घरी पोचण्याआधी त्याचा डिस्चार्जचा गोषवारा डॉक्टरपर्यंत पोचला पाहिजे.

छोट्या दवाखान्यांत संगणक नसणे आणि डोंगरात रेंज नसणे या अडचणी उघड आहेत. संमतीची अडचण अधिक नाजूक आहे. घरात मोबाइल एकच आणि तो नवऱ्याकडे असेल, तर बाईच्या गर्भपाताची किंवा एचआयव्हीची नोंद कोणाला दाखवायची हे ओटीपीपाशी तिच्या हातून निसटते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत मिळण्याची तरतूद आहे. अहिराणी, भिली, पावरी त्या अनुसूचीत नाहीत. या भाषा बोलणाऱ्यांना ती सूचना नर्सने किंवा आशाताईनेच तोंडी समजावून द्यावी लागते.