बहुराष्ट्रीय रोजगार प्रोत्साहन, सोलापूर जिल्हा

मुंबई-पुण्याबाहेरच्या जिल्ह्यांत बहुराष्ट्रीय कंपन्यांचे आणि त्यांना माल पुरवणाऱ्या कारखान्यांचे रोजगार यावेत, आले तर टिकावेत, यासाठी सरकार जमीन, करपरतावा, वीजशुल्कमाफी आणि पायाभूत सोयी देते. सोलापुरात परदेशी पाटीचे मोठे कारखाने फारसे नाहीत. इथला असा रोजगार मुख्यतः पुरवठादारांमार्फत येतो. 1992 साली स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सने फोर्ड, जनरल मोटर्स, ह्युंदाई अशा वाहन कंपन्यांना कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारे दांडे, पुरवले. यंत्रमागांवरचा टेरी टॉवेलही परदेशी जातो. साहजिकच परदेशातला ग्राहक एखाद्या इंजिनाचे उत्पादन बंद करतो तेव्हा झळ चिंचोली आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीला बसते, आणि ती कोणत्याही सवलतीने थांबत नाही.

नोकऱ्या टिकवण्याचा सरकारी प्रयोग इथे जुना आहे. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे ‘जुनी गिरणी’, ऑगस्ट 1949 मध्ये बंद पडली. केंद्राने जानेवारी 1950 मध्ये वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले; पहिल्या खटल्यात कायदा तरला, 1953 च्या दुसऱ्या निकालात मात्र हा ताबा घटनाबाह्य ठरला. मालकाला बाजूला सारून कारखाना चालवण्यापेक्षा त्याला सवलत देऊन आणण्याचा मार्ग राज्याने नंतर धरला: 1962 मध्ये एमआयडीसी, 1964 मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना.

या योजनेत तालुक्यांची अ, ब, क, ड, ड+ अशी प्रतवारी असते. तालुका जितका मागास, तितका परतावा जास्त आणि मुदत लांब. अडचण सीमेवर येते. सोलापूर पुणे महसूल विभागात मोडते, तर वीस-पंचवीस किलोमीटरवरचे तामलवाडी धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्यात. राज्याने 2016 मध्ये विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि ड, ड+ भागांतल्या उद्योगांना वीजदरात सवलत दिली. कामगार, बाजार, रेल्वे स्थानक सारे सोलापूरचे, पण विजेचा हिशेब जिल्ह्याच्या हद्दीवर बदलतो. नवा कारखाना कोणत्या बाजूला उभा राहील हे पुष्कळदा इथेच ठरते.

सर्वांत मोठी सवलत म्हणजे औद्योगिक प्रोत्साहन अनुदान. 2019 च्या योजनेत ते राज्यातच विकलेल्या आणि पोचवलेल्या मालावरच्या राज्य जीएसटीशी बांधलेले आहे. 18 टक्के करातला निम्मा राज्याचा: 10 कोटींचा माल चाकणला गेला तर अनुदान मोजायला 90 लाखांचा आधार मिळतो. तोच माल चेन्नईला गेला तर राज्य जीएसटीऐवजी परराज्यातल्या विक्रीवरचा एकात्मिक जीएसटी लागतो, निर्यात झाला तर कर शून्य. दोन्हींत आधार शून्य. टॉवेलवर बहुधा 5 टक्केच कर असल्याने तिथे राज्याचा वाटा अडीच टक्के. थोडक्यात, बहुराष्ट्रीय ग्राहकासाठी निर्यात करणाऱ्यालाच ही योजना सर्वांत कमी देते. सल्लागार हे प्रकल्प अहवालात ठळक लिहीत नाहीत, आणि पहिला दावा भरताना उद्योजकाचा चेहरा पडतो.

प्रत्यक्ष क्रम असा. एमआयडीसीचा भूखंड 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घ्यायचा, नकाशा मंजूर करून बांधकाम, मग बांधकाम पूर्णत्वाचा दाखला. मुदत चुकली तर मुदतवाढ शुल्क. परवाने ‘मैत्री’ या एक खिडकी यंत्रणेतून. उत्पादन सुरू झाल्यावर लघु-मध्यम घटकाने जिल्हा उद्योग केंद्राकडे पात्रता प्रमाणपत्र मागायचे आणि सनदी लेखापालाच्या दाखल्यासह दरवर्षी दावा दाखल करायचा. विशाल प्रकल्पांचा निर्णय मंत्रालयात होतो. दावे अडकतात ते साध्या गोष्टींवर: यंत्राच्या बिलाची तारीख योजनेच्या मुदतीबाहेरची, विस्ताराआधीच्या उत्पादनाची नोंद नसणे, नाहीतर स्थानिकांच्या अटीचे कागद अपुरे. एकूण नोकऱ्यांत 80 टक्के आणि पर्यवेक्षकांत 50 टक्के स्थानिक हवेत. स्थानिक म्हणजे राज्यात 15 वर्षे रहिवास. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड घरांतल्या कामगारांकडेही हा दाखला सहसा असतो, फक्त तो फाइलला लावायचा राहून जातो. मंजूर दाव्याची रक्कमही तरतूद झाल्यावरच येते, म्हणून ती खेळत्या भांडवलात धरू नये. स्थानिक तक्रारी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा उद्योग मित्र समितीपुढे, बोलीभाषेत ‘झूम’ बैठकीत, मांडता येतात.

कारखाना टिकण्याचा प्रश्न वेगळा. उजनी धरणापासून शहरापर्यंत सुमारे 110 किलोमीटर जलवाहिनी असूनही नळाला काही दिवसांआड पाणी येते, हे परदेशी पाहणी पथकापासून लपत नाही. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली गेली. गोव्याची विमानसेवा जून 2025 मध्ये सुरू झाली. त्याआधी फेब्रुवारी 2023 पासून वंदे भारत साडेसहा तासांत मुंबईला नेते. तिनेच अभियंतेही पुण्याला जातात, हा भाग सरकारी टिपणात नसतो.

कार्यालयीन नोकऱ्यांसाठी केंद्राची भारत बीपीओ (इतर कंपन्यांचे कार्यालयीन काम बाहेरून करून देणारी केंद्रे) प्रोत्साहन योजना होती: 48,300 आसने, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या बसायच्या जागा, प्रत्येक आसनाच्या एकरकमी खर्चाच्या निम्मे, कमाल 1 लाख रुपये. मुंबई-पुणे वगळलेले, त्यामुळे सोलापूर पात्र. रोजगाराचा अंदाज एका आसनावर तीन पाळ्या धरून केला होता. अमेरिकी ग्राहकाचे काम मात्र रात्रीचे, आणि रात्रपाळीला कर्मचाऱ्यांना, विशेषतः महिलांना, घरी सोडणारी गाडी हा खर्च रोजचा, तर अनुदान एकदाच.