चुन्याच्या पिंपातले प्रश्न

कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की पिंप तापतं, वाफा निघतात, चुना फसफसून फुलतो. घराला चुना मारताना जुन्या सोलापुरात हे अनेकांनी पाहिलेलं आहे. शाळेत हीच गोष्ट संयोग अभिक्रियेचं आणि उष्मादायी अभिक्रियेचं उदाहरण म्हणून येते. मुलं ती दोन ओळींत पाठ करतात आणि पेपरात दोन ओळींत उतरवतात. आता त्याच मुलांना विचारा, भिंतीवरचा चुना वाळून पुरता कडक झाला की त्याचं वजन वाढतं की घटतं? ‘घटतं, पाणी उडून जातं ना’ हे उत्तर हमखास येतं. घरी रसायनशास्त्राचा सराव कसा घ्यावा, हे अशाच प्रश्नापासून पाहू.

पाणी उडतं हे खरं, पण गोष्ट तिथे संपत नाही. पाणी घालून फुलवलेला, म्हणजेच विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं. खडूतलं आणि संगमरवरातलं द्रव्य तेच. आता वही उघडून आकडे मांडायचे. कॅल्शियमचं अणुवस्तुमान ४०, ऑक्सिजनचं १६, हायड्रोजनचं १, कार्बनचं १२. म्हणजे कळीचा चुना (कॅल्शियम ऑक्साइड) ५६, पाणी १८ आणि विरलेला चुना ७४. हे ७४ ग्रॅम ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड घेतात, १८ ग्रॅम पाणी सोडतात आणि १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट होतात. वरवर ओला चुना नुसता वाळताना दिसतो, पण त्यातल्या कोरड्या द्रव्याचं वजन ७४ चं १०० झालेलं असतं. हे गणित ज्या मुलाने स्वतः मांडलं, त्याला वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

हा एक प्रश्न तीन पातळ्यांवर विचार करायला लावतो. डोळ्यांना दिसतो तो वाळणारा चुना. डोळ्यांना न दिसणारे अणू, रेणू आणि आयन आतल्या आत जागा बदलत असतात. आणि कागदावर असतात संज्ञा, सूत्रं, समीकरणं. ग्लासगो विद्यापीठातले रसायनशास्त्र शिक्षणाचे अभ्यासक ॲलेक्स जॉनस्टन यांनी या तीन पातळ्या त्रिकोणाच्या तीन कोनांसारख्या मांडल्या होत्या. रसायनशास्त्र अवघड का वाटतं, याचं त्यांचं उत्तर असं की शिकवणारा या तिन्ही कोनांवर सहज ये-जा करतो आणि शिकणारा मधेच कुठेतरी हरवतो. मला हे निदान फार पटतं. आपल्याकडचे बरेचसे प्रश्नसंच फक्त तिसऱ्या कोनावर घुटमळतात: सूत्र लिहा, समीकरण संतुलित करा, रिकाम्या जागा भरा. घरी सराव घ्यायचा तर प्रत्येक समीकरणाखाली आणखी दोन प्रश्न जोडावेत. हे घडताना काय दिसेल? आणि आतमध्ये कोण कोणाला धरतंय, कोण सुटतंय?

प्रश्न सोडवण्याऐवजी धडा तीन-चार वेळा वाचून काढला तर चालणार नाही का, असं पालक विचारतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे परिच्छेद वाचायला दिले होते, एक सूर्यावरचा, दुसरा समुद्रातल्या पाणमांजरांवरचा. मग त्यांनी एक परिच्छेद पुन्हा वाचला आणि दुसऱ्यातलं न बघता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचण्याची सरशी होती. आठवड्यानंतर पारडं फिरलं. पुन्हा वाचलेल्या मजकुरातलं सरासरी ४२ टक्के आठवत होतं आणि लिहून काढलेल्यातलं ५६ टक्के. परिच्छेद रसायनशास्त्राचे नव्हते हे खरं, पण आठवून लिहिण्याचा हा फायदा नंतर इतर विषयांतही वारंवार दिसून आला आहे. वाचताना ओळ ओळखीची वाटते आणि ‘येतंय मला’ असा भरवसा वाटू लागतो. कोरा कागद समोर आला की खरं काय येतं ते कळतं.

चुकांकडे मात्र बारकाईने बघायला हवं. एकच चूक जवळून पाहू. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होतं, हे समीकरण संतुलित करायचं आहे. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू आहेत, उजवीकडे पाण्याच्या रेणूत एकच. मुलगा पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी २ लिहून मोकळा होतो. अणू जुळले, दोन्ही बाजू सारख्या झाल्या आणि त्याला वाटतं जमलं. पण ते पाणी राहिलंच नाही, ते झालं हायड्रोजन पेरॉक्साइड. टॉवेलचं सूत रंगवण्याआधी पांढरं करायला कापडधंद्यात जे ब्लीच म्हणून वापरतात, ते. सूत्राच्या पायाशी असलेला आकडा बदलला की पदार्थच बदलतो. सूत्राच्या पुढे लिहिलेला आकडा फक्त रेणू किती ते सांगतो. त्यामुळे नुसती फुली मारून बरोबर उत्तर शेजारी लिहून दिलं तर काहीच साधत नाही. ‘तू लिहिलंस तो पदार्थ कोणता?’ एवढं विचारलं की मुलगा स्वतःच थबकतो आणि ही चूक पुन्हा करत नाही, केलीच तर स्वतः पकडतो.

हे विचारायला आई-वडिलांना रसायनशास्त्र यायलाच हवं असं नाही. सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी घरांमध्ये वडील मागावर असतात, आई विड्या वळते, घरात बोलणं तेलुगूत आणि शाळा मराठीत. अशा घरात ‘आम्हाला काय कळतंय त्यातलं’ म्हणून मोठी माणसं बाजूला होतात, आणि ते मला मनापासून खटकतं. मुलीने वही मिटून उत्तर आईला तेलुगूत समजावून सांगावं. आईने फक्त दोन गोष्टी विचाराव्यात, ‘असं का?’ आणि ‘हे कशावरून?’ ज्या ठिकाणी मुलगी अडखळते, तिथेच तिचा धडा कच्चा आहे. मग तेच उत्तर तिने मराठीत लिहावं. क्षपण, अवक्षेप, उदासिनीकरण असे शब्द तोवर तिच्यासाठी नुसते शब्द उरलेले नसतात.

क्षपणाचं उदाहरण तर या गावाच्या धंद्यातच सापडतं. सुती धाग्याला पक्का रंग देणाऱ्या व्हॅट रंगांपैकी नीळ सगळ्यात ओळखीची. ती पाण्यात विरघळत नाही. म्हणून हौदात कॉस्टिक, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, आणि हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, घालतात. हायड्रो निळीचं क्षपण करतं, म्हणजे तिला इलेक्ट्रॉन देतं, ती विद्राव्य होते, हौद पिवळसर-हिरवा दिसतो आणि रंग धाग्यात शिरतो. धागा बाहेर काढला की हवेतल्या ऑक्सिजनने ऑक्सिडीकरण होतं आणि बघता बघता धागा निळा होतो. रंग आता पुन्हा अविद्राव्य झालेला, तोही धाग्याच्या आत, म्हणून धुण्यात सहजी जात नाही. यावर किती प्रश्न निघतात बघा. क्षपण कुठे झालं? हायड्रोचं स्वतःचं काय झालं? धागा हौदातच ठेवला असता तर निळा झाला असता का? ओळखीतल्या डाइंगवाल्यांकडे लांब उभं राहून हे पाहता आलं तर उत्तमच. घरी मात्र करू नये, कॉस्टिकने कातडी भाजते.

घरी करून बघण्यासारखं काही हवं असेल तर बोअरचं पाणी आहे. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाशी किंवा गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट उकळल्यावर अपघटित होतं आणि कार्बोनेट खाली बसतं. म्हणजे चुन्याच्या भिंतीवर जे बनलं तेच इथेही. खरवडलेल्या थरावर थोडं व्हिनेगर टाका, बुडबुडे येतील. कुठला वायू, तो ओळखायचा कसा आणि मागे भांड्यात काय उरलं, हे मुलाने आधी वहीत लिहावं आणि मगच व्हिनेगरची बाटली उघडावी. अंदाज चुकला तरी बिघडत नाही, कारण तो लिहिलेला असतो आणि नेमका कुठे चुकला ते दाखवता येतं. फरशी धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केली तर काय होईल, हा प्रश्नही मोलाचा आहे, पण तो कागदावरच सोडवायचा. त्यातून क्लोरीन निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

धडा नवा असताना मुलाला लगेच एकट्याने गणितं सोडवायला बसवू नये. आधी एक सोडवलेलं उदाहरण ओळीने समजून घ्यावं, मग त्यातल्या दोन पायऱ्या झाकून त्याच्याकडून भरून घ्याव्यात, आणि त्यानंतर नवं द्यावं. विरलेल्या चुन्याचं गणित जमलं की चार दिवसांनी ५६० ग्रॅम कळीचा चुना विरायला पाणी किती लागेल ते विचारावं. उत्तर १८० ग्रॅम. पिंपात प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त पाणी घालतात, ते का, हा पुढचा प्रश्न मुलाने स्वतः काढला तर फारच छान. आठवड्याने उलट बाजूने विचारावं: १०० ग्रॅम शहाबादी फरशीच्या चुऱ्यात ९० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असेल, तर तो तापवून किती कळीचा चुना मिळेल? ५०.४ ग्रॅम.

आणि जानेवारी उजाडला की धड्यांची सरमिसळ करावी. एकाच धड्याचे दहा प्रश्न ओळीने सोडवताना कुठली रीत वापरायची ते शीर्षकच सांगतं. बोर्डाच्या पेपरात आवर्तसारणी, धातू, कार्बनी संयुगं आणि समीकरणं शेजारीशेजारी येतात. तिथे कुठल्या प्रश्नाला काय लागू पडतं हे आधी ओळखावं लागतं, आणि त्याचा सराव सरमिसळीनेच होतो. जुन्या वहीतले चुकलेले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकावेत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर गच्चीवर बसून रोज चार काढावेत.