इलेक्ट्रॉन वाढतात तरी ॲटम आकसतो कसा?

अकरावी सायन्सच्या पोरांना विचारा, सोडियमपासून क्लोरीनपर्यंत जाताना ॲटम मोठा होतो की लहान? बरीच पोरं बिनधास्त सांगतात मोठा, कारण इलेक्ट्रॉन 11 चे 17 झाले, गर्दी वाढली, मग जागा जास्त लागणारच. बाकीच्यांना "लहान" हे उत्तर पाठ असतं, सीईटीत मार्क पडतात, पण का म्हटलं की गप्प. जळगाव-भुसावळला क्लासेस गल्लोगल्ली झालेत, आकार कुठल्या दिशेला वाढतो-घटतो ते दाखवणारे ट्रेंडचे बाण प्रत्येकाच्या वहीत असतात, आणि माझ्या मते अकरावीच्या केमिस्ट्रीतली सगळ्यात भारी गोष्ट त्या बाणामागेच राहून जाते.

बघा, पिरिऑडिक टेबलच्या (मूलद्रव्यांच्या तक्त्याच्या) तिसऱ्या ओळीत दर घराला एक इलेक्ट्रॉन वाढतो तसा न्यूक्लियसमधे (ॲटमच्या केंद्रात) एक प्रोटॉनपण वाढतो, आणि नवा इलेक्ट्रॉन जातो त्याच तिसऱ्या कक्षेत. बाहेरच्या इलेक्ट्रॉनला न्यूक्लियस ओढतो, पण आतल्या कक्षांमधले इलेक्ट्रॉन ती ओढ अडवतात, याला शिल्डिंग म्हणतात. सप्त्यात कीर्तनाला बसलं की पुढच्या रांगेतली डोकी महाराजांना झाकतात, शेजारी बसलेला फारसा आड येत नाही, तसंच हे. ओढणारा प्रोटॉन पुरा एकाने वाढला, पण नवा इलेक्ट्रॉन शेजारीच आला, मग ओढ वाढणार नाही तर काय, आणि ओढ वाढली की ॲटम आकसतो.

जॉन स्लेटर या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1930 मधे याचा हिशोबच दिला. त्याच कक्षेतला इलेक्ट्रॉन एका प्रोटॉनच्या ओढीचा 0.35 भाग अडवतो, लगेच आतल्या कक्षेतला 0.85, आणि त्याच्याही आतला पूर्ण 1. सोडियमला आत 8 आणि 2 इलेक्ट्रॉन, म्हणून 11 प्रोटॉन वजा 8.8, उरले 2.2. क्लोरीनला सोबतीचे 6 धरून 17 वजा 10.9, उरले 6.1. ओढ जवळपास तिप्पट! म्हणून तर एक इलेक्ट्रॉन काढायला सोडियमला मोलमागे 496 किलोज्यूल पुरतात आणि क्लोरीनला 1251 लागतात. मधे मॅग्नेशियमचे 738 आणि ॲल्युमिनियमचे 578 बघून पोरं गोंधळतात, पण ॲल्युमिनियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन 3p मधे असतो (3s आणि 3p हे तिसऱ्या कक्षेतलेच दोन उपकप्पे), तो 3s पेक्षा सैल, म्हणून स्वस्तात सुटतो.

 

या सगळ्याचा पुरावा पाहिजे तर रावेर-यावलकडे केळीला टाकतात तो लाल पोटॅश घ्या, म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड (लाली लोहाच्या अशुद्धीची). त्यातल्या पोटॅशियम आयनमधे (एक इलेक्ट्रॉन गमावलेला ॲटम) 18 इलेक्ट्रॉन, क्लोराइड आयनमधेही (एक इलेक्ट्रॉन कमावलेला क्लोरीन) 18, रचनापण सेम टू सेम. फरक फक्त प्रोटॉनचा, पोटॅशियमला 19, क्लोरीनला 17. आणि त्रिज्या? पोटॅशियम आयनची 138 पिकोमीटर, क्लोराइडची 181.