चार स्क्रूंची गिटार : किटमागचा इतिहास

इलेक्ट्रिक गिटार सुट्या भागांत विकता येते, कारण ती मुळात सुट्या भागांतच बनवली गेली. घरी जोडायच्या सुट्या भागांचे किट ही अलीकडची ऑनलाइन टूम वाटते, पण तिची मुळे 1950 सालच्या एका कारखान्यात आहेत.

त्याआधी वीजगिटार नव्हती असे नाही. रिकनबॅकरचे ‘फ्राइंग पॅन’ 1930च्या दशकाच्या सुरुवातीचे, आणि अमेरिकी वादक लेस पॉलने 1940च्या आसपास पाइनच्या ओंडक्यावर तारा ताणून ‘लॉग’ तयार केला होता. पण बहुतेक गिटारींची घडण व्हायोलिनवाल्यांची. मान सरसाने चिकटवलेली, दुरुस्ती म्हणजे वाफेने सांधा उकलणे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. बिघडलेला भाग काढा, नवा बसवा, हा त्याचा हिशेब. 1950च्या एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टरमध्ये त्याने मान बॉडीपासून वेगळी बनवून चार स्क्रूंनी आवळली. ब्रॉडकास्टर 1951मध्ये टेलिकास्टर झाली, 1954मध्ये स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे ‘स्ट्रॅट’, आली. आज खोक्यातून निघणारी बहुतेक किट्स या दोघींच्याच नकला असतात.

पहिल्या काही एस्क्वायरमध्ये ट्रस रॉड, म्हणजे मान वाकू न देणारी आतली सळई, नव्हता. मेपलचे लाकूड कडक, मग सळई कशाला, असा विचार. माना वाकल्या आणि त्याच वर्षी रॉड घालावा लागला. गिब्सनकडे त्याचे पेटंट 1923पासून होते. म्हणून किट हाती आल्यावर पहिले काम रंगाचे नाही, रॉड तपासण्याचे. त्याचा नट दोन्ही दिशांना पाव-पाव फेरा फिरायला हवा. पूर्ण जोडणी झाल्यावर पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार दाबून सातव्या फ्रेटपाशी 0.2 ते 0.25 मिलिमीटर फट राहील इतका ताण ठेवतात.

त्या चार स्क्रूंवर मात्र थोडे थांबायला हवे, कारण किटच्या पुष्कळ तक्रारी तिथे जन्मतात. बॉडीतली भोके स्क्रूपेक्षा सैल हवीत. आटे फक्त मानेत रुतले पाहिजेत. बॉडीतही आटे पकडले तर स्क्रू कितीही पिळा, मान आणि खोबणीमधली फट मिटत नाही आणि सूर टिकत नाही. मानेत साधारण 3 मिलिमीटरचे भोक आधी पाडायचे आणि आट्यांना साबण किंवा मेण चोळायचे. कोरड्या मेपलमध्ये जबरदस्ती केली की स्क्रूचे डोके तुटून हातात येते. सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने 1965मध्ये फेंडर कंपनी घेतली आणि 1971च्या अखेरीस स्ट्रॅटला तीनच स्क्रू दिले. मान इकडे-तिकडे सरकण्याच्या तक्रारी आल्या, पुढे चार परत आले. बचत कुठे करू नये याचा हा चांगला नमुना.

ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा धरणारा भाग. त्याची भोके आधी पाडलेली असतील तरी मोजून घ्यावीत. स्केल, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, 25.5 इंच, म्हणजे 648 मिलिमीटर, आणि नटपासून (इथे मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) बारावा फ्रेट बरोबर 324वर. पातळ ‘ई’ तारेचे सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) 648च्या आसपास, जाड तारेचे 3 ते 5 मिलिमीटर मागे, आणि दोन्हींना पुढे-मागे सरकायला जागा हवी. ब्रिजला अर्थची वायर जोडायची राहिली की अॅम्प सुरू करताच घूंऽऽ सुरू होते आणि तारेला हात लावूनही कमी होत नाही.

मॉडिफिकेशनचा धंदा 1970च्या दशकातला. लॅरी डिमार्झिओने 1972च्या सुमारास बदली पिकअप (तारेची थरथर पकडणारी चुंबकी गुंडाळी) विकायला घेतले. शेक्टर 1976मध्ये सुट्या भागांचे दुकान म्हणूनच निघाले, वॉरमॉथ 1980मध्ये. अमेरिकी रॉक वादक एडी व्हॅन हेलनने स्वस्तात घेतलेल्या बॉडी-मानेला गिब्सनचा हमबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप) बसवला आणि अॅम्पसमोर शिट्टी मारू नये म्हणून तो वितळलेल्या पॅराफिनमध्ये बुडवला. स्ट्रॅटचा पिकअप निवडायचा स्विच मुळात तीन टप्प्यांचा. वादक तो मधे अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवत, आणि 1977मध्ये कंपनीनेच पाच टप्प्यांचा दिला. सिंगल कॉइलला (एका गुंडाळीच्या पिकअपला) 250 किलोओहमचे पॉट (आवाज-टोनच्या बटणाखालचा रोधक), हमबकरला 500, हा दंडक अजून चालतो. पॉटचे ओहम कमी असतील तर उंच सुरांची धार सिग्नलमधून गळते. हमबकर आधीच जाड आवाजाचा, त्याला 250चा पॉट लावला की आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा येतो. टोनचा कपॅसिटर सिंगल कॉइलला 0.047, हमबकरला 0.022 मायक्रोफॅरड.

हेडस्टॉक, म्हणजे मानेचा खुंट्यांचा वरचा भाग, पुष्कळदा नुसत्या फळीसारखा येतो. हेडस्टॉकच्या आकारावर फेंडरचा ट्रेडमार्क आहे. बॉडीच्या आकारांवर मात्र 2009मध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने हक्क नाकारला. म्हणून बॉडी उघड नक्कल, आणि वरचा भाग जिगसॉने तुमच्या मर्जीने कापायचा.

लाकडाचा इतिहास आपल्याकडचा आहे. ब्राझिलियन रोझवुडवर 1992मध्ये साइट्सचा (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) कडक निर्बंध आला, 2017मध्ये शिसवासह डॅल्बर्जिया कुळातली जवळपास सगळी झाडे यादीत गेली, आणि 2019मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. त्या काळात कारखान्यांनी फ्रेटबोर्डला ‘इंडियन लॉरेल’ धरले. ते म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या जंगलातला आपला ऐन.

रंगाचे नाशकात वेळापत्रक पाळावेच लागते. फेंडरचे रंग ड्युपॉन्टच्या मोटारींच्या रंगांतून आले, तेव्हा नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या कार पेंटरकडून बॉडी रंगवून घेण्यात परंपरेला धरूनच काही घडते. अट एकच, जून ते सप्टेंबर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारू नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतले पाणी त्यावर जमते आणि कोट पांढरट पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पुष्कळ किटांच्या बॉडीला सीलर (लाकडाची छिद्रे बुजवणारा थर) मारलेला असतो, त्यामुळे स्टेन (लाकडात मुरणारा रंग) हवा असेल तर 120 ते 220 ग्रिटने तो पूर्ण काढायचा, नाहीतर डाग उठतात. आणि फ्रेटची टोके घासायचे काम मेमध्ये करायचे. कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड आकसून टोके बाहेर येतात, बोटाला लागतात. ऑगस्टमध्ये लाकूड फुगलेले असते, तेव्हा ती लपतात आणि घासायला काही सापडतच नाही.