टूल पोस्ट ग्राइंडर (लेथवर बोअर ग्राइंड करण्यासाठी)

टूल पोस्ट ग्राइंडर म्हणजे लेथच्या टूल पोस्टच्या जागी बसवायचा छोटा ग्राइंडिंग स्पिंडल, मोटर आणि पट्ट्यासकट. हार्डनिंग झालेल्या (तापवून कडक केलेल्या) जॉबचं बोअर, म्हणजे आतलं भोक, साइजला आणायचंय आणि इंटर्नल ग्राइंडर हाताशी नाही, तेव्हा हाच कामाला येतो. अशा जॉबच्या बोअरला हार्डनिंगच्या आधीच व्यासावर साधारण ०.२ ते ०.३ मिमी माल ठेवलेला असतो.

बनवायला घेतला की लोक आधी मोटर शोधतात, पण खरं काम स्पिंडलचं आहे. पुढे अँग्युलर काँटॅक्ट बेअरिंगची (अक्षाच्या दिशेचा जोरही पेलणाऱ्या) जोडी, मागे एक बेअरिंग स्प्रिंगच्या प्रीलोडवर (आधीच दिलेल्या दाबावर), कारण स्पिंडल तापला की लांबतो आणि नट कचकून आवळलेला असेल तर प्रीलोड वाढत जाऊन बेअरिंग जळतं, स्प्रिंग असेल तर ती वाढ पोटात घेते. ग्रीस अगदी थोडं. पुढच्या तोंडाला लॅबिरिंथ सील (वळणावळणाच्या फटीचं, न घासणारं) हवंच, व्हीलची भुकटी एकदा आत गेली की बेअरिंगचं आयुष्य संपलं.

स्पीडचं गणित सोपं आहे. व्हिट्रिफाइड व्हीलच्या (काचेसारख्या बंधकाने कण जोडलेल्या) कडेला सेकंदाला ३० मीटरच्या आसपास वेग लागतो, म्हणजे २५ मिमीच्या व्हीलला जवळपास २३,००० आरपीएम. २८०० आरपीएमच्या मोटरवर १२० मिमीची पुली, स्पिंडलवर २० मिमीची, असं केलं तर १६,८०० मिळतात, वेग २२ मीटर. चालतं, फक्त कमी वेगात व्हील मऊ असल्यासारखं वागतं आणि लवकर झिजतं, मग एक ग्रेड कडक घ्यायचं. पट्टा पातळ, चपटा आणि बिनजोडाचा, जोड असला की त्याचा ठोका थेट फिनिशमध्ये दिसतो. व्हीलवर लिहिलेल्या कमाल आरपीएमच्या वर कधीच जायचं नाही.

व्हीलचा व्यास बोअरच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश धरतात आणि क्विल (व्हील धरणारी पुढची दांडी) जमेल तितकी जाड आणि आखूड ठेवतात, कारण लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच जोराला ती आठपट वाकते! चॅटर (थरथरीच्या खुणा) आणि टेपर (बोअर निमुळतं होणं) दोन्ही बहुतेक वेळा इथूनच येतात.

बोअर किती गोल येईल हे मात्र लेथच्या हेडस्टॉकवर (जॉब पकडणारा चक फिरवणाऱ्या भागावर) ठरतं, तिथे प्ले असेल तर ग्राइंडर कितीही चांगला बनवा, उपयोग नाही.

कट देताना क्रॉस स्लाइडच्या डायलवर विसंबण्यापेक्षा कंपाऊंड (क्रॉस स्लाइडवरची, कोनात फिरवता येणारी छोटी स्लाइड) लेथच्या अक्षापासून ५ अंश ४४ मिनिटांवर फिरवायचा. मग डायलवर ०.१ मिमी सरकवलं की व्हील आत फक्त ०.०१ मिमी जातं, व्यासावर ०.०२. चक आणि व्हील एकमेकांच्या उलट फिरवायचे. व्हील आधी डायमंडने ड्रेस करून (घासून सरळ आणि धारदार करून) घ्यायचं, आणि स्ट्रोकच्या टोकाला ते बोअरच्या बाहेर रुंदीच्या एक-तृतीयांशाहून जास्त काढायचं नाही, पूर्ण बाहेर आलं तर दाब सुटून क्विल सरळ होते आणि तोंडाशी बोअर मोठं होतं, त्यालाच बेल माउथ म्हणतात. शेवटी कट न वाढवता ठिणग्या विझत येईपर्यंत स्ट्रोक देत राहायचं. मोजायचं ते जॉब थंड झाल्यावरच, गरम असताना बोअर मोठं दिसतं.

आणि सुरू करायच्या आधी बेड झाकायचा, पत्र्याने किंवा जाड कागदाने, चकमध्ये अडकेल असं फडकं नको. काम झालं की भुकटी आधी पुसून काढायची आणि मगच सॅडल हलवायचं.